पिल्लाच्या पोटातली वस्ती

बाळंतिणीच्या खोलीतून येणारा ओव्याच्या धुरीचा वास आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? पोट दुखले की आजी चिमूटभर ओवा चावायला देई, दाढ ठणकली की लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवी. वस्तीवर डॉक्टर येत नव्हता आणि आला तरी त्याला द्यायला पैसे नव्हते, तेव्हाचे हे दवाखाने. आता हाच ओवा आणि हीच लवंग बाटलीत बसून, वर रंगीत लेबल लावून, कोंबडीच्या पिल्लांसाठी आपल्या दारात आली आहे. हट्टा आणि आसपासच्या गावांत ज्या बचत गटांनी पिल्ले घेतली आहेत, त्यांच्याकडे मोटारसायकलवरून विक्रेते येतात. "ताई, औषध नाही, नुसते झाडपाल्याचे तेल आहे. जुलाब बंद, मरतूक बंद." गेल्या काही महिन्यांत तीन-चार ठिकाणी बायांनी मला एकच प्रश्न विचारला, "भाऊ, घ्यावी का बाटली?"

मी काही जनावरांचा डॉक्टर नाही. हिशेब लिहिणारा कारकून आहे. पण प्रश्न गटाच्या पैशाचा आहे, आणि गटाचा पैसा म्हणजे खुरपणीच्या आणि हळद वेचणीच्या मजुरीतून बाजूला काढलेली रक्कम. म्हणून तालुक्याच्या पशुवैद्यकांना विचारले, जे वाचायला मिळाले ते वाचले. बाटली घ्यावी की न घ्यावी याचे उत्तर बाटलीत नाही, पिल्लाच्या पोटात आहे. म्हणून आधी पोटात शिरू.

एकवीस दिवसांनी पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हा त्याचे आतडे जवळजवळ कोरे असते. जंतूंची वस्ती तिथे अजून बसलेली नसते. अंड्यातला उरलेला बलक त्याने पोटात ओढून घेतलेला असतो, त्या शिदोरीवर ते दोन-तीन दिवस तग धरते. पण चोच मारायला ते पहिल्या तासापासूनच लागते. भुश्याला चोच मार, भांड्याला मार, दुसऱ्याच्या विष्ठेला मार. प्रत्येक चोचीबरोबर जंतू आत जातात. आठवडा संपायच्या आत त्या एवढ्याशा आतड्यात, विशेषतः शेवटी असलेल्या दोन आंधळ्या पिशव्यांत, एका ग्रॅमला अब्जावधी जंतू नांदू लागतात. हे सगळेच वाईट नसतात. दह्यात जे असतात त्यांच्याच गोतातले काही असतात. ते खाद्य पचवायला मदत करतात आणि मुख्य म्हणजे जागा अडवून ठेवतात. जागा अडलेली असली की रोगाच्या जंतूला टेकायला ठिकाण मिळत नाही. जागा मोकळी सापडली की तोच मालक होतो. पहिल्या आठवड्यात कोण आधी येऊन बसतो, यावर पिल्लाचे पुढचे बरेचसे आयुष्य ठरते.

आपल्या परसातली खुडूक कोंबडी हे काम न शिकता करते. पिल्ले तिच्या पंखाखाली, तिच्याच जागेत वाढतात, तिच्या विष्ठेत चोची मारतात. आपल्याला ते घाण वाटते, पण त्या पिल्लांना आईकडून मिळालेले ते पहिले वाण असते. यंत्रात उबवलेल्या पिल्लाला आईच नसते. अंडी धुरी देऊन निर्जंतुक केलेली, ट्रे स्वच्छ, खोका कोरा. अशी शंभर पिल्ले खोक्यात बसून दिवसभराचा प्रवास करतात आणि आपल्या घरी उतरतात तेव्हा त्यांच्या पोटात सारी जागा रिकामी असते. मग आपल्या घरात, आपल्या भुश्यात, आपल्या पाण्यात जो जंतू असेल तो आत शिरतो.

याचा शोध कसा लागला तेही सांगण्यासारखे आहे. फिनलंड देशात १९७१ साली मांसल कोंबड्यांत साल्मोनेला नावाच्या जंतूची मोठी साथ पसरली. नुर्मी आणि रंताला या दोन शास्त्रज्ञांनी निरोगी मोठ्या कोंबड्यांच्या आतड्यातला अंश पातळ करून नुकत्या जन्मलेल्या पिल्लांना पाजला. पुढे त्या पिल्लांना साल्मोनेला दिला तरी तो सहजी टिकेना. १९७३ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. आज बाजारात जी चांगल्या जंतूंची पाकिटे मिळतात त्यांच्यामागे हाच विचार आहे. (हे वाचून कोणी शेजारच्या कोंबडीची विष्ठा कालवून पिल्लांना पाजू नये. त्या शास्त्रज्ञांनी कोंबड्या तपासून घेतल्या होत्या. आपल्याकडे कोणत्या कोंबडीत पांढऱ्या हगवणीचा रोग दबा धरून आहे ते डोळ्यांना दिसत नाही.)

आता तेलाकडे येऊ. ओव्याला जो तिखट वास आहे तो थायमॉल नावाच्या द्रव्याचा. वाण्याकडे 'ओव्याचे फूल' म्हणून जे पांढरे खडे मिळतात ते हेच. लवंगेत युजेनॉल असते, दालचिनीत आणखी वेगळे द्रव्य. ही द्रव्ये झाडाने आपल्यासाठी केलेली नाहीत. कीड-बुरशीपासून स्वतःचा बचाव करायला झाड ती तयार करते. जंतूच्या अंगाभोवती स्निग्ध पदार्थाचे एक पातळ वेष्टन असते. थायमॉल त्यात विरघळतो, वेष्टनाला गळती लागते, आतला ऐवज बाहेर पडतो आणि जंतू मरतो किंवा निदान त्याची वाढ खुंटते. काही जंतूंना दुहेरी वेष्टन असते, त्यांच्यावर तेल चालायला जास्त जोर लागतो. हगवण लावणारा ई. कोलाय हा त्यांतलाच. आणि दह्याच्या गोतातले जंतू पुष्कळदा हे तेल बऱ्यापैकी सोसतात. म्हणजे बेताच्या मात्रेत तेल दिले तर वाईटांना आवर बसतो आणि चांगल्यांना थोडी सवड मिळते. पाचक रस थोडे अधिक सुटतात असेही काही प्रयोगांत दिसले आहे. विक्रेता इथपर्यंत जे सांगतो ते खोटे नाही.

पण पुढचे तो सांगत नाही, ते आपण पाहू. एक तर तेल चोचीतून आत गेल्यावर आतड्याच्या सुरुवातीच्या भागातच बरेचसे शोषले जाते. वस्ती दाट असते ती शेवटच्या पिशव्यांत, तिथपर्यंत ते पोहोचत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या तेलाचे कण चरबीत गुंडाळून देतात, म्हणजे ते हळूहळू सुटतात. साध्या बाटलीतले तेल पाण्यात टाकले तर ते पाण्यावर तरंगते. पहिल्या चार पिल्लांना जादा मिळते, बाकीच्यांना नुसता वास. शिवाय हे उडून जाणारे तेल. उघड्या पोत्यातल्या खाद्यात कालवून ठेवले तर मार्च-एप्रिलच्या उन्हात आपल्या पत्र्याखाली किती उरेल? तिसरी गोष्ट, एका पिकातल्या ओव्यात थायमॉल जितका तितकाच दुसऱ्या पिकात असेल असे नाही. जमीन, हवामान, काढणीची वेळ, सगळ्याने फरक पडतो. बाटलीवर टक्केवारीच लिहिलेली नसेल तर आपण नेमके काय विकत घेतले?

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जगभर झालेल्या प्रयोगांचे निकाल एकसारखे नाहीत. जिथे शेड घाण, भुसा जुना, जंतूंचा भार मोठा, तिथे तेलाने फरक दिसला. जिथे शेड स्वच्छ आणि ऊब नीट, तिथे कित्येकदा तेल दिलेल्या आणि न दिलेल्या पिल्लांत काहीच फरक निघाला नाही. याचा सरळ अर्थ असा की बाटली जे करू पाहते त्यातले पुष्कळसे काम झाडू, कोरडा भुसा आणि बल्ब करतात.

हिशेब मांडतो, तो तरी माझा विषय आहे. प्रयोगांत साधारणपणे एक किलो खाद्याला १०० ते २०० मिलिग्रॅम तेल वापरतात. म्हणजे एका क्विंटलला १० ते २० ग्रॅम. चहाचे दोन ते चार लहान चमचे! ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असते. अडीच टक्के धरले तर १०० मिलिग्रॅम तेलासाठी चार ग्रॅम ओवा लागतो. क्विंटलभर खाद्याला चारशे ग्रॅम ओवा, तोही ताजा, तिखट वासाचा, बारीक करून रोजच्या रोज खाद्यात मिसळलेला. शंभर पिल्लांना पहिल्या आठवड्यात तर खाद्य दहा-पंधरा किलोच्या वर लागत नाही. त्याला चाळीस ते साठ ग्रॅम ओवा झाला. हा आकडा बाटलीच्या किमतीशेजारी ठेवून पाहा. जास्त घातला तर जास्त गुण येईल असे मात्र नाही. उग्र वासाने पिल्ले खाद्य टाकतात, आणि मात्रा वाढली की चांगले जंतूही त्याच तडाख्यात सापडतात.

हळदीविषयीही विचारतात. आपला भागच हळदीचा. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यामुळे पिल्लांच्या पाण्यात चिमूटभर हळद हा घरोघरचा रिवाज आहे. पण हळदीचा पिवळा गुण पाण्यात विरघळत नाही, तो तळाशी बसतो. संध्याकाळी भांडे पालथे केले की सारी हळद उकिरड्यावर. द्यायचीच तर खाद्यात द्यावी, आणि पाण्याचे भांडे निव्वळ स्वच्छ ठेवावे.

आता मुख्य गोष्ट. या तेलांना एवढा बाजार का आला? तर पिल्लांना पहिल्या दिवसापासून अँटिबायोटिकची पावडर पाण्यातून पाजायची सवय जगभर लागली होती. आजारासाठी नव्हे, वजन वाढावे म्हणून आणि खबरदारी म्हणून. स्वीडनने १९८६ साली वजनवाढीसाठीचा हा वापर बंद केला. युरोपच्या संघाने १ जानेवारी २००६ पासून सरसकट बंदी घातली. मग त्या पावडरीची जागा भरायला काहीतरी हवे होते, आणि कंपन्या ओवा-लवंगेकडे वळल्या. आपल्याकडे मात्र ती पावडर अजून गावोगावच्या दुकानांत मिळते आणि "थोडी पाजून ठेवा, काही होत नाही" असा सल्ला फुकट मिळतो.

काही होत नाही कसे? पावडर पोटातल्या चांगल्या जंतूंनाही मारते. नुकती बसू लागलेली वस्ती उठवली जाते. आणि थोडीथोडी पावडर रोज मिळाली की जे जंतू वाचतात ते पावडरीला दाद न देणारे असतात. तेच पुढे वाढतात, विष्ठेतून भुश्यात येतात, हातावर येतात, विहिरीच्या काठावर येतात. कोलिस्टिन हे माणसासाठी अखेरच्या उपायाचे औषध. बाकी सगळी औषधे हरली की मोठ्या इस्पितळात ते देतात. तेच औषध कोंबड्यांना पाजले जात होते! २०१५ साली चीनमधील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की कोलिस्टिनला न जुमानण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्या जंतूकडे सहज जातो. तो त्यांना डुकरांत सापडला, मांसात सापडला आणि इस्पितळातल्या माणसांतही सापडला. भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत आणि कोंबड्यांत कोलिस्टिनवर बंदी आणली.

हे सारे दूरच्या मोठ्या शेडांचे प्रश्न आहेत असे कोणी समजू नये. मोठ्या शेडचा मालक शेडपासून लांब राहतो. आपली घरे दोन खोल्यांची. ब्रूडरचा बल्ब एका कोपऱ्यात आणि त्याच खोलीत दुसऱ्या कोपऱ्यात लेकराची झोळी. पिल्लाला हातात घेऊन त्याचा मुका घेणारी आपलीच पोरे. पिल्लांचे भांडे आणि जेवणाचे ताट एकाच मोरीत घासले जाते. औषधाला न जुमानणारा जंतू आधी कोणाच्या घरात शिरणार? आणि मग सरकारी दवाखान्यातली साधी गोळी लागू पडली नाही म्हणून नांदेडच्या खाजगी दवाखान्याची वाट कोण धरणार, कर्ज कोण काढणार? म्हणून मी तरी गटातल्या भगिनींना बाटलीबद्दल एकदा आणि पावडरीबद्दल दहादा बजावतो. पिल्लू खरेच आजारी पडले तर पशुवैद्यकाने दिलेले औषध जरूर द्यावे, सांगितले तितके दिवस पूर्ण द्यावे, आणि ते चालू असताना व नंतर सांगतील तितके दिवस अंडी-मांस विकू नये, घरातही खाऊ नये. निरोगी पिल्लाला 'खबरदारी' म्हणून एक चिमूटही नको. मोरीतून पिल्लांची भांडी आजच बाहेर काढा, आणि पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायची सवय लेकरांना लावा.

विहारात एका उपासकांनी मला अडवले होते, "पहिले शील घेता आणि कोंबड्या पाळायला सांगता?" प्रश्न रास्त आहे, टाळू नये. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा विचार करताना तत्त्व आणि नियम यांत फरक केला आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांतही. ज्याने त्याने तो भाग वाचून आपला निर्णय घ्यावा. कित्येक कुटुंबे फक्त अंड्यांसाठी पक्षी ठेवतात, तोही मार्ग आहे. माझे म्हणणे एवढेच की, शंभर पिल्ले आणून त्यांतली तीस थंडीने आणि घाणीने मरू दिली तर त्या हिंसेबद्दल विहारात कोणीच विचारत नाही.

आणि ही तीस मरतात ती बहुधा तेल न मिळाल्याने नव्हे. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ९५ अंश फॅरनहाइट ऊब लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी. थर्मामीटर नसला तरी चालेल, पिल्लेच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गर्दी केली तर थंडी वाजते आहे. लांब पळून चोची उघडून धापा टाकत असतील तर गरमी फार झाली. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर ठीक. रात्री लाईट जाते तेव्हाची सोय आधीच करून ठेवावी. शेगडी ठेवली तर धूर कोंडू देऊ नये. गारठलेले पिल्लू खात नाही, त्याचे आतडे मंद होते, आणि मग जुलाब लागतात. त्याला आपण 'जंतू' म्हणतो आणि बाटली आणायला धावतो. पिल्ले उतरवल्याबरोबर आधी उकळून गार केलेले पाणी, थोडा गूळ घालून. लगेच कागदावर पसरलेले भरडलेले खाद्य, कारण उपाशी ठेवलेल्या पिल्लाचे आतडे नीट वाढत नाही. भुसा ओला झाला की तेवढा काढून टाकायचा. पाण्याचे भांडे दिवसातून दोनदा घासायचे. शेपटीखाली विष्ठा चिकटून बुड बंद झाले असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने सोडवायचे. यात खर्च काहीच नाही, जागरण मात्र आहे.

कोणत्या रोगांना तेल मुळीच चालत नाही तेही सांगून ठेवतो, कारण त्या बाटलीवर सगळ्याच रोगांची नावे छापलेली मी पाहिली. मानमोडी म्हणजे राणीखेत हा विषाणूचा रोग. त्याला पाच ते सात दिवसांच्या आत लासोटा लसीचा थेंब, दुसरे काही नाही. गंबोरोचेही तसेच, दोन आठवड्यांच्या सुमारास लस. रक्ती हगवण जंतूंमुळे नव्हे तर वेगळ्याच सूक्ष्म परजीवीमुळे होते, ओल्या भुश्यात ती वाढते, तिचे औषध वेगळे. आणि बर्ड फ्लू तर आपल्या उंबरठ्यावर येऊन गेला आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात एका बचत गटाच्या शेडमध्ये दोन दिवसांत आठ-नऊशे कोंबड्या दगावल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. असे अचानक पक्षी मरू लागले तर घरगुती उपाय करत बसू नये, मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये, त्याच तासाला पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे.

एवढे सगळे करूनही कोणाला ओवा वापरून पाहायचा असेल तर जरूर पाहावा. तथागतांनी कालामांना ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर विसंबू नका, स्वतः अनुभवून पाहा असे सांगितले. ते बाटलीच्या लेबलालाही लागू आणि माझ्या या लेखालाही लागू. पुढची शंभर पिल्ले आली की मधे पत्र्याची किंवा पुठ्ठ्याची आड घालून पन्नास-पन्नास करा. ऊब तीच, भुसा तोच, खाद्य तेच. फक्त एका बाजूच्या खाद्यात किलोला चार ग्रॅम ओवा. दहावी-बारावी शिकणारी मुलगी घरात असेल तर वही तिच्याकडे द्या. रोज किती मेली, किती बुडे चिकटली, खाद्य किती संपले, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी प्रत्येक बाजूच्या दहा पिल्लांचे वजन. एका खेपेत इकडे दोन मेली, तिकडे तीन मेली, यावरून काही ठरत नाही, तेवढा फरक नशिबानेही पडतो. तीन-चार खेपांत तोच कौल आला तर मात्र तो मानावा. आणि विक्रेता आला तर त्याला चार गोष्टी विचाराव्यात. तेल कोणते, त्यात थायमॉल किती टक्के, क्विंटलला किती ग्रॅम, आणि तयार केल्याची तारीख. मी विचारले तेव्हा गृहस्थ "वरच्या साहेबांना फोन करून सांगतो" म्हणाले, अजून फोन आलेला नाही.

एक शेवटची सूचना. थोडीथोडी पिल्ले रोज मरत असतील आणि कारण कळत नसेल, तर मेलेले पिल्लू उकिरड्यावर टाकू नका. हातावर प्लास्टिकची पिशवी चढवून ते उचला, दुसऱ्या पिशवीत घट्ट बांधा, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि त्याच दिवशी परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात घेऊन जा. नेण्याआधी आपल्या गावच्या दवाखान्यातून चिठ्ठी घ्यावी. सोबत वही न्यावी, पिल्ले कुठून आणली, लस कोणत्या तारखेला दिली, पाण्यात काय काय घातले ते तिथे विचारतात. बाकीची मेलेली पिल्ले विहिरीपासून लांब खड्डा करून, वर चुना टाकून पुरावीत.